मराठीत नापास सिस्टर, इंग्रजीत नापास मी

मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा घात केला तो निबंधानं.

पहिल्या वेळचं सोडून देते. तेव्हा अर्धा वर्गच गटांगळ्या खात होता. दुसऱ्या वेळी मात्र मी पूर्ण तयारीनं गेले होते. माझे वडील रेल्वेत गँगमन. वाशिमजवळ रुळांच्या कडेलाच आमची खोली होती. संध्याकाळची गाडी गेली की मी बाहेर येरझारा घालत गाइडातले निबंध मोठ्यानं म्हणायची. दहा-बारा निबंध तोंडपाठ होते. त्यातला जत्रेवरचा तर इतका पक्का, की आई भाकरी थापता थापता त्याची पहिली ओळ माझ्याआधी म्हणायची, अर्थ न कळता.

आणि परीक्षेत नेमका जत्रेवरचाच निबंध आला. मला रडूच यायचं राहिलं होतं आनंदानं. पहिला परिच्छेद सरसर उतरला. दुसऱ्यात 'द चिल्ड्रन वेअर' एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द गेला. मुलं काय होती? आनंदी होती, दमली होती, हरवली होती? गाइडात काय होतं तेवढंच आठवेना, आणि त्याशिवाय पुढचं एकही वाक्य हलेना. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून मनात म्हणत आले. पुन्हा त्याच मुलांपाशी अडले. शेवटी घंटा झाली आणि माझी ती पोरं तशीच अर्ध्या वाक्यात उभी राहिली.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी केनवडला आले. सासरी तिघंच माणसं. यजमान वाशिमला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्यानं घरी येत. सासरे नव्हते. सासूबाई घरचं थोडं वावर बघून दुसऱ्यांच्या शेतातही जात. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. आमचं घर बौद्धपुऱ्यात, विहाराच्या बाजूला. आत्याबाई बोलायला तुटक आणि रागाला तयार. पहिले काही महिने मी त्यांच्या सावलीलाही भ्यायची.

एका रविवारी यजमान वाशिमहून बातमी घेऊन आले. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची सुरू होणार होती आणि जुन्या नापासांना आता थोड्याच संधी उरल्या होत्या.

"बसून पाहातं का पुन्हा एक डाव?" त्यांनी मला विचारलं. "मॅट्रिक झाली त मास्तरकीच्या ट्रेनिंगले जाता येईन."

मी काही बोलायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "दोन डाव पडली. आता तिसऱ्यानं कायले पडाले जाते?"

यजमान हसले, पण मी नाही हसले. मला आत्याबाईंचं म्हणणं पटलं होतं. पाठ केलं की अडायचं आणि पाठ केलं नाही तर लिहायचं काय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या पावसाळ्यात आत्याबाईंच्या अंगठ्याला नखुरडं झालं. ठणका इतका की विळा धरवेना. मी त्यांना गावच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर कधीमधी येत. रोजचं सगळं सिस्टरच बघायची. ती केरळची. पांढरी साडी, तेल लावून घट्ट बांधलेले केस, आणि बोलणं मात्र आमच्यासारखं. मराठी ती पेशंटांकडून शिकली होती. "कवापासून ठणकून राह्यलं, अम्मा?" असं तिनं विचारलं तेव्हा मला नवलच वाटलं. दुखण्याचे सगळे शब्द तिला येत होते. बाकीचे अडले की ती हिंदी घालायची.

पट्टी बांधताना तिनं मला विचारलं, "तू शिकली हाय?"

"मॅट्रिक. म्हणजे, झाली नाही. इंग्रजीत नापास."

तिनं वर पाहिलं आणि ती एकदम हसायला लागली. "अन् मी मराठीत नापास!"

मग कळलं ते असं. बाहेरच्या राज्यातून नोकरीला आलेल्यांना मराठीची एक सरकारी परीक्षा द्यावी लागे. लेखी आणि तोंडी. ती पास झाल्याशिवाय तिची नोकरी पुढे सरकत नव्हती. लेखीत निबंध होता आणि निबंधातच ती गेली होती.

"बोलते तू मस्त," मी म्हणाले.

"बोलते. लिहिते तेव्हा सब लाल." तिनं हवेत रेघोट्या मारून दाखवल्या. "तू मला मराठी निबंध शिकव. मी तुला इंग्लिश निबंध. चलेगा?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या अंगठ्याकडे पाहत होत्या. घराच्या दारात आल्यावर म्हणाल्या, "जाय दुपारून. माहा अंगठा बरा केला तिनं."

अशी आमची शाळा सुरू झाली. दुपारी पेशंट आटोपले की दवाखान्याच्या ओट्यावर, नाहीतर आमच्या घरी. सिस्टर बौद्धपुऱ्यात येऊन बसते, चहा पिते, याची गावात चर्चा झाली. एका मोठ्या शेतकऱ्याच्या बायकोनं तिला निरोप पाठवला, मराठीच शिकायची तर आमच्याकडे ये, आमची पुतणी शिकवील. सिस्टरनं उलट निरोप दिला की माझी मास्टरीण अंगठेवाल्या अम्माच्या घरात राहते. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मास्टरीण म्हटलं ते तिनं.

पहिल्याच दिवशी तिनं माझं गाइड उशीखाली ठेवून दिलं, दवाखान्यातल्या पेशंटच्या उशीखाली, आणि विषय दिला: माझी सासू.

मी लिहिलं, माय मदर-इन-लॉ इज अ गुड वुमन. शी वर्क्स हार्ड. वुई ऑल लव्ह हर. एवढं लिहून माझं संपलं.

सिस्टरनं वाचून मान हलवली. "ही कोणाची सासू हाय?"

"माझी."

"नाही. ही गाइडची सासू हाय. सगळ्या गावच्या सासवा हार्ड वर्क करून राह्यल्या. तुझी अम्मा कशी येगळी, ते सांग. तीन गोष्टी सांग. मराठीतच सांग."

मी विचार केला. "त्या कापूस वेचताना कोणाशी बोलत नाहीत."

"एक."

"त्यांना राग येतो आणि आला की त्या भांडी घासायला घेतात. घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासतात."

"दोन."

"आणि त्या एसटीत बसत नाहीत. रिसोडलासुद्धा चालत जातात."

"काहून?"

ते मला बाजूच्या काकूंनी सांगितलं होतं. एकदा बसमध्ये आत्याबाईंना मळमळलं आणि शेजारी बसलेल्या कोणा मोठ्या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर ओकारी झाली. त्यानं सगळ्या बससमोर बोल लावले. त्या दिवसापासून त्या बसच्या पायरीवर पाय ठेवत नाहीत.

सिस्टर आधी हसली, मग तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. "हे शेवटी ठेव," ती म्हणाली. "सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी. एका परिच्छेदात एकच गोष्ट. कापूसवाल्यात भांडी आणू नको, भांड्यात बस आणू नको. सुरुवातीला दोन ओळीत सांग की कोणाबद्दल बोलते. शेवटी दोन ओळी, अन् थांब. पोचल्यावर चालत राहू नको."

हे तिला तिच्या गावाकडच्या शाळेतल्या नन्सनी शिकवलं होतं. मला ते त्या दुपारी इतकं सोपं वाटलं की राग आला. इतकं सोपं होतं तर कोणी सांगितलं का नाही? माझी इंग्रजी वाक्यं तोकडीच होती, पण आता कोणतं वाक्य कशानंतर येणार हे मला कळत होतं. एखादा शब्द गेला तरी रस्ता जात नव्हता. आणि शब्द गेला की सिस्टर होतीच. दुखण्याखुपण्याचे सगळे इंग्रजी शब्द तिनं मला दिले. ओकारीचा शब्द मला त्या निबंधात मिळाला.

पण आत्याबाईंच्या कानावर गेलं की आपल्यावर काही लिहिलंय. "वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

मी घाबरत एकेक वाक्य आमच्या बोलीत सांगितलं. कापसापर्यंत त्या शांत होत्या. भांड्यांपाशी नाक उडवलं. बसपाशी आले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"राग लिवला त लिव," त्या म्हणाल्या. "थे खरं हाय. पन ओकारी लिवू नोको. थ्या मानसाचं धोतर साऱ्या जगाले कायले दाखवतं?"

मला वाटलं त्यांना स्वतःची लाज वाटते. पण त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. सिस्टर तिथंच बसली होती. तिनं पेन्सिल उचलली आणि ते वाक्य खोडलं. "अम्माचा हुकूम," ती म्हणाली. "पण मग अम्मा, तुमी चालत काहून जाता, ते काय लिहू?"

आत्याबाई उठून आत चालल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "लिव, पायानं कोनाले मळमळत नाही."

आम्ही दोघींनी तेच वाक्य इंग्रजीत नेलं. निबंध तिथंच संपवला.

माझं शिकणं असं चाललं होतं, तिचं मात्र अवघड होतं. तिच्या निबंधाची बांधणी सुरेख असायची. सुरुवात, तीन गोष्टी, शेवट. पण वाक्यं अशी: 'माह्या गावात पानीच पानी हाय. लोकं होडीत बसून बजारले जाऊन राह्यले. मले आईची याद येते.' मी ते वाचलं आणि मला ते फार आवडलं. मग आठवलं की हे खोडायचं काम माझं.

"माह्या नाही, माझ्या. पानी नाही, पाणी. हाय नाही, आहे. मले नाही, मला."

"पण तू मले म्हणते. अम्मा मले म्हणते. दवाखान्यात सगळे मले म्हणतात."

"म्हणतात. लिहीत नाहीत."

"काहून?"

आमच्या गावच्या शाळेत मीही एकदा फळ्यावर 'मले' लिहिलं होतं आणि बाहेरगावहून आलेले गुरुजी हसले होते, एवढंच मला माहीत होतं. तेव्हापासून मी कागदासाठी एक मराठी ठेवली आणि तोंडासाठी एक. सिस्टरला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला पण एक भाषा शिकायला लागली. मग इंग्लिशला काय घाबरते?"

आम्ही तिचा निबंध सगळा कागदी मराठीत नेला. 'मला आईची आठवण येते.' वाक्य बरोबर झालं. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ये किसी और की आई लगती है." पण परीक्षेला तेच हवं होतं.

ऑक्टोबरची परीक्षा आली. माझं केंद्र रिसोडला. इंग्रजीच्या पेपरला सकाळी मी एसटीनं निघाले. आत्याबाई घरात नव्हत्या. वाटलं वावरात गेल्या असतील. जाताना त्यांचा आशीर्वादही घेता आला नाही याचं वाईट वाटत होतं.

निबंधात जत्रा नव्हती. सासू तर नव्हतीच. रेडिओचे उपयोग, शिस्तीचं महत्त्व, आणि रेल्वेचा प्रवास. मी रेल्वे निवडली आणि मग लक्षात आलं, गँगमनची मुलगी असून मी गाडीत फारशी बसलेच नव्हते. गाड्या मी सगळ्या बाहेरून पाहिलेल्या. एकदा मात्र आईबरोबर हिंगोलीला मावशीकडे गेले होते. मी कच्च्या कागदावर मराठीतच तीन गोष्टी लिहिल्या. वडील खाली रुळांपाशी उभे आणि आम्ही खिडकीत, म्हणजे नेहमीच्या उलट. आत एका म्हातारीनं आईला दिलेली जागा. आणि हिंगोलीला उतरताना मला उतरावंसंच वाटेना, ते.

मग इंग्रजीत लिहायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत डब्याला काय म्हणतात ते आठवेना. हात थांबला. पण पुढे काय लिहायचं ते समोर मराठीत लिहिलेलं होतं. मी डब्याला बॉक्स लिहिलं आणि पुढे गेले. वुई सॅट इन द बॉक्स. निबंध पूर्ण झाला. शेवट झाल्यावर मी पेन ठेवलं आणि वेळ उरलेला असूनही एक शब्द वाढवला नाही.

बाहेर आले तर शाळेच्या भिंतीच्या सावलीत आत्याबाई बसलेल्या. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेले. तांबडं फुटायच्या आधीच चालत निघाल्या होत्या.

"तुमी इथं कायले आल्या?" माझ्या तोंडून निघालं.

"म्हनलं पाहून यावं, आतमंदी काय करतात एवढं." त्यांनी फडकं सोडून भाकरी पुढे केली. "खाय. लिवलं का समदं?"

"लिवलं."

"अर्ध्यात नाही सोडलं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि फडकं झटकून कमरेला खोचलं. परतीला त्या चालत निघाल्या तर मीही बस सोडून त्यांच्याबरोबर चालले. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "थ्या धोतरवाल्यानं मले जातीवरून बोललं होतं. ओकारीवरून नाही." एवढंच. त्यांनी ते वाक्य का खोडायला लावलं होतं, ते मला तेव्हा समजलं. ओकारी लिहिली असती तर चूक त्यांचीच दिसली असती.

सिस्टरला बॉक्स सांगितलं तेव्हा ती खुर्चीवरून पडायची राहिली. "सगळे बॉक्समध्ये बसले? पार्सल होते का?" मग माझा पडलेला चेहरा पाहून म्हणाली, "डरू नको. पेपर तपासणारा पण डब्यातूनच फिरते. त्याला समजून जाईल."

तिची परीक्षा त्यानंतर लगेच अकोल्याला झाली. तेव्हा आमचा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. निकाल यायला लागले. मी पास झाले. इंग्रजीत काठावर, पण पास. यजमान वाशिमहून पेढे घेऊन आले आणि आत्याबाईंनी पहिला पेढा मला न देता सिस्टरकडे नेऊन दिला.

सिस्टर लेखीत चांगली पास झाली होती आणि तोंडीत गेली होती. समोरच्यांनी विचारलं, तुम्ही दिवसभर काय काम करता? घाबरल्यावर माणूस आपल्या सवयीचं बोलतो. ती म्हणाली, "पेशंटले पाह्यते, सुई देते, बाळंतपन करते." ते हसले. एकजण म्हणाला, बाई, ही मराठी नाही. ती आम्हाला हे हसत हसत सांगत होती, नक्कल करून, आणि मध्येच तिला रडू आलं.

लिहायचं कसं ते मी शिकवलं होतं, बोलायचं तिला सगळ्या गावानं शिकवलं होतं. आत्याबाई चुलीपुढून उठून आल्या.

"काय म्हनला थो? मराठी नाही?" त्यांचा आवाज चढला. "मंग आमी पिढ्यान् पिढ्या काय बोलून राह्यलो? कुत्रे भुकून राह्यले का आमी?"

आणि त्या भांडी घासायला बसल्या. सगळी. सिस्टर ते पाहून रडता रडता हसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तोंडीची तयारी केली. मी परीक्षक व्हायची आणि कागदी मराठीत प्रश्न विचारायची. तिनं तसंच उत्तर द्यायचं. दाराशी बायका जमत. आत्याबाई म्हणायच्या, "दोघीबी रेडिओवानी बोलून राह्यल्या." त्यात माझाही फायदा झाला. पुढे ट्रेनिंगच्या मुलाखतीला मी अडखळले नाही. सिस्टर उन्हाळ्यात तोंडी पास झाली आणि गावात परत आली ती एसटीतून उतरतानाच ओरडत, "अम्मा, झाली मी पास!"

जूनमध्ये मी वाशिमला ट्रेनिंगला गेले. यजमान तिथं होतेच, एक खोली केली. आत्याबाई केनवडलाच राहिल्या. दिवाळीला घरी आले तर सिस्टर नव्हती. तिची बदली झाली होती, दूर कुठं बुलढाण्याकडे. मला कळवायला तिला वेळच मिळाला नाही. आत्याबाई म्हणाल्या, निघताना ती घरी आली, चहा घेतला, भाकरी बांधून घेतली. एसटी स्टँडवर निम्मा बौद्धपुरा आणि गावातल्याही कितीक बायका होत्या. जिनं पुतणीचा निरोप पाठवला होता तीसुद्धा, कारण मधल्या काळात तिच्या लेकीचं बाळंतपण सिस्टरनंच केलं होतं. आत्याबाईंनी विचारलं, तुह्या गावाले जायाले किती दिवस लागतात? ती म्हणाली, गाडी बदलत बदलत तीन. "तई मले समजलं," आत्याबाई मला म्हणाल्या, "केवढ्या दुरून आली होती थे पोरगी, आपली पोरं पाहाले."

माझं ट्रेनिंग झालं. रिसोडजवळच्या एका गावी शाळेत लागले आणि तिथून निवृत्तीपर्यंत मी मुलांना निबंध शिकवत राहिले. पाठ करून घेतला नाही एकही. त्यावरून पालकांशी वाद झाले, एका मुख्याध्यापकांशी तर चांगलाच झाला, पण ते चालायचंच.

सिस्टरच्या जागी केनवडच्या दवाखान्यात नवीन नर्स आली होती. नागपूरकडची, शिकलेली, स्वच्छ बोलणारी. आत्याबाईंना पुन्हा नखुरडं झालं तरी त्या तिच्याकडे जाईनात. मी आले तेव्हा अंगठा सुजून टमटमला होता. मी रागावले. म्हटलं, ती नर्स चांगली नाही का?

"चांगली हाय व," आत्याबाई म्हणाल्या. "पन तिले समदं एका डावातच समजते. तिच्याशी बोलाले मजा नाही."